वास्तू ऐकत असते

आजोबांची खुर्ची स्वयंपाकघरात आणायची की नाही, यावरून त्या दिवशी जेवणं झाल्यापासूनच घरात दोन तट पडले होते. टेबलाशी माणसं सात बसणार होती आणि खुर्च्या होत्या सहा. सातवी होती माझ्या धाकट्या भावाच्या, समरच्या खोलीत, त्याच्या पलंगाशेजारी, खिडकीकडे पाठ करून. आजोबा फेब्रुवारीत गेल्यापासून तिच्यावर कोणी बसलेलं नव्हतं.

मालविका आत्याचं म्हणणं असं की खुर्ची म्हणजे चार पाय आणि एक पाठ, त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. ती गेर्लिंगेनच्या मोठ्या कंपनीत ब्रेक डिझाइन करते. थांबायचं कुठे हे तिला नेहमी कळतं, फक्त बोलताना सोडून. आई तिच्या बाजूने. आजीने पदर खोचला, समरच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ती हलायची नाही." बाबा आधी आत्याच्या बाजूने होते, मग आजीच्या, आणि मग त्यांना एकदम तळघरात काहीतरी काम आठवलं. शेवटी मी बाथरूममधलं स्टूल आणलं आणि स्वतःच त्यावर बसायचं कबूल केलं. स्टूल बुटकं, त्यामुळे माझी हनुवटी जेमतेम टेबलाच्या वर येत होती. पण तिथून सगळ्यांचे चेहरे एकदम दिसत होते, आणि पुढे जे झालं ते मला एवढं नीट दिसलं ते त्या स्टुलामुळेच.

बैठक बोलावली होती फ्राऊ ब्रेंडलने. समरसाठी जेवढी माणसं राबतात, म्हणजे मुलांचे डॉक्टर, क्लिनिक, फ्लेगेडीन्स्टच्या घरी येणाऱ्या नर्स, शाळा, विमावाले, त्या सगळ्यांना एका सुरात आणणं हे तिचं काम. आजी तिला सूत्रधार म्हणते. नदीपलीकडे माइन्झच्या बाजूला एक वोनग्रुपं आहे, समरसारखी मुलं तिथे सोमवार ते शुक्रवार राहतात आणि नर्स चोवीस तास असतात. तिथे एक पलंग रिकामा झाला होता. तो घ्यायचा की सोडायचा, ते आज संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. आपण सोडला की लगेच दुसऱ्या मुलाला जाणार.

समर सात वर्षांचा आहे. त्याचे स्नायू त्याचं ऐकत नाहीत. तो बोलत नाही, जेवण पोटातल्या नळीतून जातं. डावा हात जन्मापासून झोपलेला आहे, उजव्याची बोटं हलतात. त्याला जोरात खोकता येत नाही, म्हणून छातीत कफ साठतो. मग तळहाताची वाटी करून पाठ थोपटायची, कफ सुटला की मशीनने ओढून घ्यायचा. हे दिवसातून कितीतरी वेळा. माझी शिंक आणि आजोबा, या दोन गोष्टींना तो खदखदून हसायचा. आता फक्त शिंक उरली होती. आणि उन्हाळ्यानंतर तो हसायचाही कमी झाला होता. सारखा पेंगुळलेला असायचा. ऑक्टोबरात दोनदा हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, म्हणून तर हा पलंग.

फ्राऊ ब्रेंडल आली तेव्हा चार वाजले होते आणि बाहेर रस्त्यावरचे दिवे लागलेसुद्धा होते. नोव्हेंबरात र्युसेल्सहाइममध्ये माइन नदीवरून धुकं येतं आणि खिडकीला असं चिकटून बसतं की जणू आत बघतंय. तिच्याबरोबर समरची दिवसाची नर्स, अगाताही टेबलाशी बसली. समर झोपला होता. त्याच्या खोलीतले आवाज ऐकवणारा बेबीफोन साखरेच्या डब्याशेजारी ठेवला होता. त्याच्यावर दिव्यांची छोटी रांग आहे, आवाज वाढला की हिरव्यावरून लालवर चढत जाते.

आता आमच्या घराचा एक नियम सांगायला हवा. दिवेलागणीला घरात वाईट बोलायचं नाही. आजी सांगते, वास्तू ऐकत असते आणि प्रत्येक बोलण्याला तथास्तु म्हणत असते. कधी म्हणेल त्याचा नेम नाही, म्हणून मग कधीच बोलायचं नाही. आजोबांना जो आजार झाला त्याचं नाव शेवटपर्यंत कोणी उच्चारलं नाही. त्याला 'ते' म्हणायचं. आजोबा स्वतःसुद्धा 'ते आज जरा जास्त आहे' असंच म्हणाले आणि गेले. बाबा वाईट बातम्या जर्मनमधून सांगतात. मला वाटतं त्यांचा हिशोब असा असावा की वास्तू मूळची सांगलीची आहे. तसं वोनग्रुपंलाही आम्ही सगळे 'तिकडे' म्हणत होतो.

त्यामुळे बैठक विचित्रच चालली. फ्राऊ ब्रेंडल विचारायची, रात्री कोण उठतं, आणि सगळे म्हणायचे, चालतं हो सगळं. आजी इथे चाळीस वर्षं राहून बेकरीत वाद घालण्याइतकं जर्मन बोलते, पण त्या दिवशी तिला अचानक काही समजेना. प्रत्येक वाक्य माझ्याकडून मराठीत करून घ्यायची आणि तेवढ्या वेळात पुढचं ठरवायची. ती म्हणाली, मूल घरातच वाढतं. बाबांनी मान डोलावली. आत्या म्हणाली, वहिनीने गेल्या सहा महिन्यांत एक रात्र सलग झोप घेतलीय का हे कोणी विचारलंय का, आणि यशोधन, तू घरात असतोस कधी? बाबांनी तिलाही मान डोलावली.

आईकडे मात्र कोणी बघत नव्हतं. ती कपाच्या कानात बोट अडकवून बसली होती. आजीला वाटत होतं की सुनेला, क्षितिजाला, पोर जड झालंय. आत्याला वाटत होतं, आई दमलीय. दोघीही चूक होत्या. आईने मला नंतर सांगितलं की ती त्या वेळी मनात एकच वाक्य घोकत होती, ते बोलून टाकायचं आणि सुटायचं. ते वाक्य असं होतं: मला नसलेले आवाज ऐकू येतात, असल्या बाईच्या हातात मूल देऊ नका. पण तोंडातून एवढंच आलं, "मला जमत नाहीये."

मग फ्राऊ ब्रेंडलने अगाताकडे बघितलं. अगाताने पाठ केल्यासारखं सांगितलं: उन्हाळ्यापासून, विशेषतः संध्याकाळी, समरच्या उजव्या हाताला झटके येतात. ठराविक लयीत येतात. तिने ते क्लिनिकला कळवलं, त्यांनी फिट्सच्या औषधाचा डोस वाढवला, मग आणखी वाढवला. झटके थोडे कमी झाले. झोप मात्र फार वाढली. खोकला आणखी अशक्त झाला.

ती बोलत असतानाच बेबीफोनचा पहिला दिवा लागला.

धप्.

मग थोडं थांबून, संथपणे: धा धी ना, धा ती ना. धा धी ना, धा ती ना.

मला तबल्यातलं काही कळत नाही, पण दादरा मला माझ्या नावाइतका ओळखू येतो. आजोबा कारखान्यातून निवृत्त झाल्यावर फ्रँकफर्टच्या भजनी मंडळात तबला वाजवायचे, आणि समरची पाठ थोपटायचे ती दादऱ्यातच. रोज, दिवेलागणीला, त्या खुर्चीवर बसून. मला सर्दी झाली की माझीही. बेबीफोनमधून येत होता तो अगदी तोच ठेका होता, डग्ग्याच्या घुमाऱ्यासकट.

मी टेबलाभोवती मोजलं. आई, बाबा, आजी, आत्या, अगाता, फ्राऊ ब्रेंडल, मी. सगळे इथेच होते.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

कोणी हललं नाही. शाळा सुटल्यावर माझी हँडबॉलची प्रॅक्टिस असते, या वेळी मी घरी नसतेच, तेव्हा मी हे पहिल्यांदा ऐकत होते. पण आई, बाबा, आजी यांच्या चेहऱ्यांवर पहिल्यांदा ऐकल्याचं काहीच नव्हतं. आजीने डोळे मिटले. आईने कप घट्ट धरला. आणि बाबांचा हात आपोआप पुढे गेला आणि बेबीफोनचं बटण फिरवून त्यांनी आवाज कमी केला, जसा आपण रोजच्या जाहिरातीचा करतो तसा. मला आवाजाची नाही भीती वाटली. त्या हाताला सवय होती, त्याची वाटली.

फ्राऊ ब्रेंडल एकेकाकडे बघत होती. आत्याचा चेहरा पांढरा पडला होता. तिलाही हे नवीन होतं. आणि ती चक्क हळू आवाजात म्हणाली, "बाबांचा ठेका आहे हा."

मी उठले. इतर कोणी उठेना म्हणून उठले, यात शौर्य वगैरे काही नव्हतं.

आमचा कॉरिडॉर लांब नाहीये, पण त्या संध्याकाळी तो काही केल्या संपेना. दिवा लावायचं सुचलं नाही. समरचं दार थोडं उघडं होतं आणि आतून मशीनचा हिरवा उजेड येत होता. ठेका चालूच होता. मी दार ढकललं आणि तो थांबला.

खुर्ची पलंगाच्या आणखी जवळ ओढलेली होती. बसणाऱ्याचे गुडघे गादीला टेकतील इतकी जवळ. तिच्यावर एक कप होता, आणि कपातल्या चहातून वाफ निघत होती.

समर जागा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. खुर्चीकडे बघत होता, आणि तेही खाली, कपाकडे नाही. जिथे माणसाचा चेहरा असतो तेवढ्या उंचीवर.

मला ओरडायचं होतं. तेवढ्यात त्याची छाती घरघरली. त्याने डोळे वळवले, मला पाहिलं, पुन्हा खुर्चीकडे पाहिलं, आणि त्याची उजवी बोटं पलंगाच्या कठड्यावर पडली. तीन. थांबून, तीन. मग त्याने वाट बघितली. कोणी दार वाजवून उघडायची वाट बघतं ना, तशी.

मी कप खाली ठेवला. त्याला कुशीवर केलं, तळहाताची वाटी केली आणि त्याच्या पाठीवर दादरा धरला. मला येतो तसा, वेडावाकडा. त्याची बोटं तत्क्षणी थांबली. कफ सुटला. मी मशीन लावलं, ओढून घेतला. आणि मग माझा भाऊ हसला, शिंक नसताना हसला.

मी सगळ्यांना हाक मारली.

त्यानंतर काय झालं ते नीट सांगता येणार नाही, कारण सगळे एकदम बोलले आणि सगळे मराठीत. घरात दिवेलागणीला, त्या खोलीत. आधी आई. "म्हणजे तुम्हालाही ऐकू येत होतं?" बाबा म्हणाले, दोन बेबीफोन बदलले मी, मला वाटलं शेजाऱ्यांचा काहीतरी सिग्नल घुसतोय. दोन नवे बेबीफोन घरात आले आणि का, हे आम्ही कोणी विचारलं नव्हतं. आई त्यांच्याकडे बघत राहिली. "मला वाटलं मला वेड लागतंय, यशोधन. म्हणून मी तिकडे हो म्हणत होते." बाबांनी या वेळी मान डोलावली नाही. ते भिंतीला टेकले आणि तसेच खाली बसले.

चहा आजीचा होता. रोज या वेळी ती गुपचूप कप ठेवून यायची, खुर्ची पुढे ओढायची. आज बैठकीच्या आधी ठेवून आली होती, तरी त्यातून अजून वाफ कशी निघत होती ते कोणी विचारलं नाही. आत्याने विचारलं, का गं आई? आजीने एकदा छताकडे बघितलं, वास्तू तिथे राहत असल्यासारखं.

"मला वाटलं हे त्याला न्यायला येतात," ती म्हणाली. "म्हटलं चहाला बसवून ठेवावं. चहा सोडून उठायचे नाहीत ते."

आई पुढे झाली आणि आजोबांच्या खुर्चीवर बसली. नऊ महिन्यांत पहिल्यांदा कोणी. बसली आणि आजीचा हात ओढून मांडीवर घेतला. एकीचा समज, पोर जड झालंय. दुसरीचा समज, सासू फक्त अडून बसलीय. दोघी त्याच आवाजाला घाबरत होत्या, भिंतीच्या दोन बाजूंना, सबंध उन्हाळाभर.

फ्राऊ ब्रेंडल दारात उभी होती. मी तिला सगळं जर्मनमध्ये सांगितलं, वास्तूसकट. तिने हसण्यावारी नेलं नाही. ती म्हणाली, असं ती सगळीकडे बघते, फक्त आवाज वेगवेगळे असतात; प्रत्येकाकडे एक तुकडा असतो आणि प्रत्येक जण दुसऱ्याला जपत असतो. मग ती अगाताकडे वळली. पुन्हा करून बघा.

आम्ही थांबलो. समरच्या छातीत पुन्हा थोडी घरघर जमली. बोटं उठली: तीन, आणि तीन. अगाताने त्याच्या पाठीवर हात ठेवला, बोटं थांबली. हात काढला, बोटं सुरू. फिट अशी सांगितल्यावर थांबत नसते.

"गेनाऊ, अगदी तेच," अगाता हळूच म्हणाली. "तो बोलावत होता. आणि मी त्याला झोपवत होते." आजीने तिच्या पाठीवर थोपटलं. आम्ही सगळेच झोपवत होतो बाई, असं म्हणाली, आणि ते मला जर्मनमध्ये करायला लावलं नाही, स्वतः म्हणाली.

फ्राऊ ब्रेंडलने तिथूनच क्लिनिकला फोन लावला. डोसबद्दल उद्या सकाळी अगाताला आणि आईला एकत्र बोलावलं. मग फोन हातातच धरून तिने आईला विचारलं, पलंगाचं काय? हा प्रश्न फक्त तुम्हाला आहे, इतर कोणाला नाही.

आजीने तोंड उघडलं. आत्याने तिच्या दंडावर हात ठेवला. दुपारी खुर्चीवरून एकमेकींवर गुरगुरणाऱ्या याच दोघी.

आईने घाई केली नाही. ती म्हणाली, घरी ठेवायचा असेल तर असंच नाही ठेवायचा. शुक्रवार-शनिवारच्या रात्री यशोधनच्या, मला उठवायचं नाही. दर आठवड्याला या टेबलाशी सगळ्यांनी बसायचं, आणि काय बघितलं, काय ऐकलं, ते बोलायचं. घाण असलं तरी. अशुभ असलं तरी. आत्या म्हणाली, महिन्यातला एक शनिवार-रविवार माझा, मला ते मशीन शिकवा. ब्रेक बनवणाऱ्या बाईला ते येईल का गं, ईपी? मी म्हटलं, मला येतं, म्हणजे कोणालाही येईल. बाबांना विचारावं लागलं नाही. ते जमिनीवरूनच म्हणाले, गुरुवारही माझा.

"मग ती जागा दुसऱ्या मुलाला द्या," आई म्हणाली.

फ्राऊ ब्रेंडल आणि अगाता गेल्यावर आम्ही समरला त्याच्या व्हीलचेअरमध्ये घालून स्वयंपाकघरात आणलं. खूप दिवसांनी तो या वेळी जागा होता. आत्या त्याला कफ ओढण्याचे प्रश्न विचारत होती, जणू तो उत्तर देणार होता. बाबा आवाजाचं स्पष्टीकरण देत होते: पलंगाचा कठडा पोकळ, खाली पत्रा, त्यामुळे घुमतं. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं असतं.

पण धा दोन हातांनी वाजतो. ना एका हाताचा, ती एका हाताचा, धाला मात्र डग्गा लागतो. आजोबांनीच सांगितलं होतं, माझे दोन्ही हात धरून. समरची बोटं खोलीत मी ऐकली, ती कठड्यावर टक टक टक अशी सुकी वाजत होती. बेबीफोनमधून आलं होतं त्याला खर्ज होता. मी समरचा डावा हात उचलून टेबलावर ठेवला. तो घसरला आणि त्याच्या मांडीवर पडला, नेहमीसारखा.

नियम नवा होता, बघितलं-ऐकलं ते बोलायचं. म्हणून मी बोलले. "डग्गा कोण वाजवत होतं?"

बाबा पत्र्याबद्दल पुन्हा सुरू करणार होते, पण थांबले. आजीने देवापाशी निरांजन लावलं. खिडकीवरचं धुकं आणखी जवळ आलं होतं. आणि मला एक गोष्ट सुचली, एवढ्या वर्षांत या घरात कोणाला कशी सुचली नाही कोण जाणे. वास्तू वाईटाला तथास्तु म्हणते, तर चांगल्याला का नाही म्हणणार? मी स्टुलावर उभी राहिले आणि मोठ्याने, खणखणीत मराठीत म्हणाले,

"समर आमच्याजवळच राहणार."

समर माझ्याकडे बघत होता. त्याचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर होते. आम्ही सगळे स्वयंपाकघरातच होतो, एकूण एक.

साखरेच्या डब्याशेजारी बेबीफोन अजून चालूच होता. त्याचा पहिला दिवा लागला, मग दुसरा, मग रांग थेट लालपर्यंत चढली.

धप्.

एकदाच. खोल, घुमणारा, डाव्या हाताचा.

दिवे एकेक करून खाली उतरले. बाबांचा हात या वेळी बटणाकडे गेला नाही. मग आजी उठली, भांड्यात आणखी थोडं दूध ओतलं, आणि फळीवरून एक जास्तीचा कप काढला. साखरेच्या डब्याकडे तिचा हात गेला.

"आई," माझी आई म्हणाली, "त्यांना बिनसाखरेचा लागतो."